बॉबिन हात पुढे करत नाही

शाळेचं पत्र शुक्रवारी आलं आणि रविवार उजाडेपर्यंत घरातल्या सगळ्यांचं ते वाचून झालं होतं. आत्यानं मात्र ते रविवारीच हातात घेतलं आणि तिच्या पद्धतीनं वाचलं, म्हणजे खालून वर. आधी सही, मग शिक्का, मग जावक क्रमांक, मग तारीख आणि सगळ्यात शेवटी मजकूर. शिक्षण कार्यालयात एकतीस वर्षं काढलेल्या हेडक्लार्क बाईला पत्र दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं वाचताच येत नाही. घरात तिला मागून 'परिपत्रक' म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि हे नाव पाडणाऱ्या थोरल्या भावाला तिनं अजून माफ केलेलं नव्हतं.

"काय म्हणतंय?" थोरल्या भावानं विचारलं.

"तू वाचलंयस की."

"मी नुसतं वाचलंय. तू वाचल्यावर त्यातून अर्थ निघतो."

आत्यानं पत्राची घडी घातली आणि ते टेबलावरच्या खडूच्या डबीखाली सरकवलं. "अर्थ काय निघायचाय? बॉबिन सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी देशाची प्रतिज्ञा म्हणत नाही, हातही पुढे करत नाही. उद्या सोमवारी आईबापांना घेऊन यायचं आणि सगळ्या शाळेसमोर लेखी माफी वाचायची. नाहीतर वर्गात पाऊल ठेवायचं नाही आणि सहामाहीला बसायचं नाही."

ज्या बॉबिनबद्दल हे चाललं होतं ती तेरा वर्षांची मुलगी टेबलाच्या टोकाला स्टुलावर मांडी घालून कोटाला बटण लावत होती. जन्मली तेव्हा शिवणमशीनखाली दोरा पुरवणाऱ्या इवल्या बॉबिनएवढी दिसत होती म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव तिला अजून चिकटून होतं. आता आईच्या खांद्याला लागली तरी ती होती बॉबिनच. खाली लपून बसायची आणि थांबायचं नाव नाही.

तो बटणांचा रविवार होता. आजोबांच्या, म्हणजे मास्तरांच्या, दुकानात तीन शाळांचे गणवेश शिवले जात आणि थंडी पडायच्या आधी हिवाळी कोटांची मोठी खेप निघे. एकशे चाळीस कोट, प्रत्येकाला पुढे चार आणि बाहीला दोन-दोन बटणं. एवढी बटणं लावायला दोन कारागीर कुठे पुरणार? म्हणून आजी होती तेव्हापासून रिवाज पडला होता, की त्या एका रविवारी जो तो जिथे असेल तिथून येऊन सुई हातात धरणार. दुकानाच्या वाटण्यांवरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं त्या दोन वर्षांतही बटणांचा रविवार चुकला नव्हता. तेव्हा दोघं एकमेकांकडे पाठ करून बटणं लावत.

आता बोलणं सुरू होतं, आणि जरा जास्तच सुरू होतं.

"माफी मागायची आणि मोकळं व्हायचं," थोरला म्हणाला. त्याला सगळे सुभेदार म्हणत. बावीस वर्षं सैन्याच्या कोठारात होता. लढाई त्यानं एकही पाहिली नव्हती. पण लढाईवरून परत आलेली ब्लँकेटं तपासून घेतली होती आणि तेवढ्या आधारावर त्याला युद्धाबद्दल तासन्‌तास बोलता येई. "दोन मिनिटांची प्रतिज्ञा. पाच ओळी. त्यात हिच्या तोंडाची काय झीज होते?"

"झिजायचा प्रश्न नाही, मोठे काका," बॉबिन दोरा दातानं तोडत म्हणाली.

"दातानं तोडू नकोस, कात्री घे," तिचा बाप म्हणाला. हा धाकटा. दुकानाचा कटर. हातात कात्री असली की वाघ, नसली की नुसता नवरा. "आणि काकांशी वाद घालू नकोस. आपण उद्या जाऊ, मी लिहून देतो, तू फक्त वाच."

"तू लिहिणार आणि मी वाचणार? म्हणजे तीही दुसऱ्या कुणाची तरी माफी झाली."

वहिनी, म्हणजे बॉबिनची आई, आत्याच्या शेजारी बसली होती. ती दवाखान्यात नर्स होती आणि बटण असं लावायची की कोट फाटेल पण बटण निघणार नाही. ती म्हणाली, "एकदा नीट सांग बरं सगळ्यांना. मला जे सांगितलंस तेच सांग."

बॉबिननं सुई कोटात टोचून ठेवली.

"तीन आठवड्यांपूर्वी काय झालं, मी रांगेत उभी होते. हात पुढे होता. डोक्यात गणिताचं उदाहरण चाललं होतं, ते पाण्याच्या टाकीचं. आणि एकदम 'बसा' ऐकू आलं. मी अख्खी प्रतिज्ञा म्हणून टाकली होती आणि मला कळलंच नव्हतं. पाचही ओळी. माझ्या बाजूची मुलगी प्रत्येक ओळीच्या मध्ये मला विनोद सांगते. आमच्या वर्गशिक्षिका हात पुढे करून दुसऱ्या हातानं वह्या तपासतात. मला कशीतरी भीतीच वाटली."

"कसली भीती?" सुभेदारानं विचारलं.

"वचन आहे ना ते? मी वचन दिलं आणि मी तिथे नव्हतेच. म्हणून ठरवलं, मनातून येईल त्या दिवशी म्हणायची. नाही आली तर गप्प उभं राहायचं. हलायचं नाही, हसायचं नाही. बाबा, तू आईला लग्नात वचन दिलंस ना? रोज सकाळी उठून देतोस का?"

धाकट्यानं हातातल्या कापडाकडे बघितलं.

"रोज दिलं असतं तर बरं झालं असतं," वहिनी म्हणाली.

पलीकडे मशीनवर बसलेला कारागीर खाली वाकून उगाच पट्टा तपासू लागला. सुभेदार हसणार होता. पण हसलो तर बाजू बदलल्यासारखं होईल असं त्याला वाटलं असावं, कारण तो एकदम खोकला.

"मुद्दा तो नाही," तो म्हणाला. "शिस्त म्हणून एक गोष्ट असते. आमच्याकडे बिगुल वाजला की—"

"तुमच्याकडे बिगुल वाजला की तुम्ही ब्लँकेटं मोजायला उठायचात, भाऊजी," वहिनी म्हणाली. "पण तरी बॉबिन, मी तुला सांगते, तुझं म्हणणं मला पटतं. सहामाही बुडवणं मला पटत नाही. चार दिवस वर्गाबाहेर बाकावर बसवलंय त्यांनी तुला."

"बाकावर बरं आहे. भूगोलाचं पुस्तक संपलं."

"बघा!" धाकट्याला बायको आपल्या बाजूला आल्यासारखी वाटली आणि त्याचा आवाज चढला. "आता हिची आईसुद्धा म्हणतेय."

"मी माफी माग म्हणाले नाही. परीक्षा बुडता कामा नये म्हणाले."

"एकच झालं."

"एक नाही झालं."

असं दुपारभर चाललं. बाजू उन्हासारख्या सरकत होत्या. धाकटा एकदा मुलीच्या बाजूनं बोलला, पण बायकोनं लगेच "मग उद्या हेच बोला शाळेत" म्हटल्यावर परत माफीकडे वळला. खरी गंमत झाली ती चहाच्या वेळी. सुभेदारानं चष्मा लावून पत्र पुन्हा उघडलं आणि तिसऱ्या परिच्छेदावर त्याचं बोट थांबलं.

"हे काय? 'पाल्यावर घरी योग्य संस्कार झालेले दिसत नाहीत.' हे मी वाचलंच नव्हतं!"

"सगळ्यांनी वाचलंय दादा," आत्या म्हणाली.

"घरी म्हणजे कुठल्या घरी? या घरी? मी बावीस वर्षं गणवेश घातला. मास्तरांनी साठ वर्षं गणवेश शिवले. यांच्या मुलांच्या अंगावर आहे तो कोट आमच्या हातचा, आणि संस्कार आमचे काढतात?" त्यानं कप असा आपटला की बटणांची ताटली उडाली. "काही नाही मागायची माफी! बॉबिन, अजिबात मागायची नाही!"

"पण काका, तुम्ही तर—"

"मी काय म्हणालो ते सोड."

बॉबिन खाली वाकून बटणं गोळा करू लागली आणि टेबलाखालून तिचा आवाज आला, "आत्या, नियम काय आहे गं? तुमच्या ऑफिसात असेल ना काही?"

आत्याची सुई थांबली.

नियम होता. परिपत्रक क्रमांक दोनशे अठरा. सतरा वर्षांपूर्वी एका शाळेनं एका मुलाला याच कारणावरून काढून टाकलं. त्याचे आईबाप वरच्या कोर्टात गेले आणि जिंकले. मग कार्यालयाला परिपत्रक काढणं भाग पडलं. ते टाइप केलं आत्यानं. पाकिटांवर पत्ते घातले आत्यानं. शाळांच्या पोचपावत्या फाइलला लावल्या आत्यानं. नंतरच्या वर्षांत मधूनमधून एखाद्या पालकाची तक्रार येई की मुलाला उन्हात उभं केलं, मुलीला छडी मारली. साहेब कोपऱ्यात 'दप्तरी दाखल' लिहीत आणि आत्या ती दाखल करी. तिला एकाही मुलाचा चेहरा माहीत नव्हता. नुसती अक्षरं माहीत होती, आणि बहुतेक पत्रं आयांनी लिहिलेली असत.

हे एवढं सगळं तिला पत्राचं कानावर आल्यापासून, म्हणजे शुक्रवारपासून, आठवत होतं. पण शाळेच्या मुख्याध्यापिका बाई पुढच्या महिन्यात शिक्षणाधिकारी होऊन आत्याच्याच कार्यालयात येणार होत्या. आत्याला निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. खिडकीजवळचं टेबल, ओळखीचं कपाट, शिपाई न सांगता आणून देतो तो चहा. अकरा महिने शांतपणे काढावेत एवढंच तिनं मनाशी ठरवलं होतं.

"बघावं लागेल," ती म्हणाली.

टेबलाखालून बॉबिन वर आली, ओंजळीत बटणं घेऊन. "बरं," म्हणाली. तिचा विश्वास बसला होता, आणि आत्याला नेमकं तेच टोचलं.

चार वाजता दुकानाच्या दारात मुख्याध्यापिका बाई उभ्या राहिल्या.

नव्या पदावर रुजू व्हायला त्यांनी मास्तरांकडे गडद राखाडी कोट शिवायला टाकला होता आणि ट्रायलला त्यांना आजचीच वेळ दिलेली होती, हे मास्तर सोडून सगळेच विसरले होते. मास्तर म्हणजे या सगळ्यांचे वडील. वय ऐंशी, नजर अजून सुईत दोरा ओवण्याइतकी, आणि त्यांची मुलंसुद्धा त्यांना मास्तरच म्हणत. दिवसभर ते आतल्या बाजूला बाईंचाच कोट कच्च्या टाक्यानं जोडत बसले होते आणि ओठांत टाचण्या धरलेल्या असल्यामुळे एक अक्षर बोलले नव्हते.

"अरे वा, सगळेच आहात," बाई म्हणाल्या. आवाज मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. "बरं झालं. नाहीतरी उद्या भेटायचंच होतं."

मास्तरांनी हातानंच त्यांना आरशासमोरच्या पाटावर उभं केलं आणि अंगावर कोट चढवला. डावी बाही जोडलेली, उजवी नुसती टाचलेली. मास्तर भोवती फिरत एकेक टाचणी काढून खोचत चालले. बाईंना आता हलायची सोय नव्हती. त्या आरशातूनच सगळ्यांशी बोलू लागल्या.

"मुलगी हुशार आहे, म्हणूनच मला वाईट वाटतं. एखाद्या मागे बसणाऱ्या मुलीनं तोंड मिटलं असतं तर कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नसतं. ही मिटते तेव्हा मागच्या दोन रांगा हिच्याकडे बघतात."

"मग त्यांना समोर बघायला सांगा ना, बाई," बॉबिन म्हणाली.

"बॉबिन!" आई, बाप आणि काका एकदम म्हणाले. तेवढ्यापुरता घरात एकोपा झाला.

मग सुभेदार उभा राहिला. "बाई, ते राहू द्या. हे संस्कारांचं काय लिहिलंय तुम्ही?"

"कुठे? अच्छा, ते. सुभेदारसाहेब, तो छापील मजकूर असतो. शाळेत उशिरा येणाऱ्यांनाही तोच जातो."

अपमान छापील निघाला की रागावायचं कुणावर? सुभेदार पुन्हा बसला. धाकट्यानं घसा साफ केला. "बाई, आम्ही माफी लिहून देऊ, फक्त सगळ्यांसमोर वाचायला नको. तेवढं—"

"नाही," बॉबिन म्हणाली.

"सगळ्यांसमोरच," बाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर केलेली गोष्ट आहे."

"पण तिनं केलंय काय?" वहिनी म्हणाली. "काही न करण्याचीच शिक्षा आहे ना ही?"

बाईंनी आरशात नजर फिरवली आणि आत्याला शोधून काढलं. "तुम्ही तरी समजवा यांना. तुम्ही कार्यालयातल्या. पुढच्या महिन्यापासून आपल्याला बरोबरच काम करायचंय." त्या हसल्या. ते हसू चांगलं होतं की वाईट, हे आत्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

सगळे आत्याकडे बघू लागले. तिनं हातातल्या बटणाला शेवटचा वेढा दिला, गाठ मारली, दोरा कात्रीनं कापला. कोटाची घडी घातली. आता हातात करायला काही उरलं नाही.

"बाई, पत्रात नियमाचा हवाला नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"शिक्षा लिहिलीय, पण कुठल्या नियमाखाली ते लिहिलेलं नाही. लिहिता येणार नाही. परिपत्रक क्रमांक दोनशे अठरा." आवाज तिचा तिलाच परका वाटला, पण शब्द तोंडपाठ होते. "'प्रतिज्ञा अथवा ध्वजवंदनाच्या वेळी शांतपणे व आदराने उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यावर शब्द उच्चारण्याची अथवा हात पुढे करण्याची सक्ती करता येणार नाही. तसे न केल्याबद्दल त्यास वर्गाबाहेर अथवा परीक्षेबाहेर ठेवता येणार नाही.'"

मशीन थांबलं. मास्तरांचा टाचणी धरलेला हातसुद्धा थांबला.

"असं काही माझ्या पाहण्यात नाही," बाई म्हणाल्या.

"पोच आहे. तुम्ही तेव्हा उपमुख्याध्यापिका होतात. हिरव्या शाईत सही आहे तुमची."

"किती जुनं?"

"सतरा वर्षं."

"मग रद्द झालं असेल."

"रद्द झालं असतं तर तेही मीच टाइप केलं असतं."

बॉबिन स्टुलावरून उतरली होती. "आत्या, तुला हे माहीत होतं? मगाशी मी विचारलं तेव्हा?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

आत्याला कार्यालयीन भाषेत पुष्कळ उत्तरं येत होती. त्यातलं एकही या पोरीला द्यावंसं वाटेना.

"घाबरले गं," ती म्हणाली.

वहिनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. धाकटा आपल्या बहिणीकडे असा बघत होता जसं तिला प्रथमच बघतोय. सुभेदार हळूच पुटपुटला, "परिपत्रक!" पण या वेळी त्या नावात चेष्टा नव्हती. आत्यानं त्याला तिथल्या तिथे निम्मी माफी दिली.

बाईंच्या चेहऱ्याचा रंग मात्र कोटापेक्षा गडद झाला होता. "कळलं. घरातले सगळे मिळून मला कोंडीत पकडताय. पुढच्या महिन्यात त्या खुर्चीवर मी असणार आहे एवढं लक्षात ठेवा. मास्तर, काढा हा कोट. मी निघते."

मास्तरांनी मान हलवली. नाही. त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या, त्या उशीत खोचल्या आणि दिवसातलं पहिलं वाक्य बोलले.

"बाई, बगल बघायची राहिलीय. उजवा हात पुढे करा."

"नको मला."

"घट्ट असेल तर नंतर त्रास होईल. करा पुढे. प्रतिज्ञेला करता तसा."

"नाही करणार!" बाई कडाडल्या. "मी नाही हात पुढे करणार! कुणी म्हटलं की लगेच हात पुढे करायचा म्हणजे काय?"

तो मैदानावरचा आवाज होता. दुकानाच्या चारी भिंतींवर आपटून तो परत बाईंपाशीच आला.

बॉबिननं दोन्ही ओठ आत घेऊन दातांखाली धरले. सुभेदारानं शेजारचा कोट उचलला आणि त्याची शिवण तपासायची म्हणून तोंडाजवळ नेला. कोट आधी थरथरला, मग गदागदा हलू लागला, आणि त्यातून जो आवाज बाहेर पडला तो ऐकून कारागीर मशीनवरच वाकला. मग वहिनी. मग, स्वतःलाही अंदाज नसताना, आत्या.

बाई आरशात स्वतःकडे बघत होत्या. एक बाही धड, एक टाचलेली, खांद्यावर खडूच्या रेघा. मग त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"मास्तर, तुम्ही मुद्दाम केलंत."

"मी शिंपी आहे, बाई. मी बगल बघत होतो."

"तीस वर्षांत मला कुणी असं—" त्या थांबल्या. श्वास घेतला. टाचण्या टोचल्या तसा पुन्हा सोडला. "कागद आणा. कुणीतरी लिहा, मला हा हात हलवता येत नाही."

कागद आणला बॉबिननं आणि लिहायलाही तीच बसली. आत्यानं मजकूर सांगायला सुरुवात केली. 'दिलगिरी' हा शब्द येताच बाईंनी तो काढायला लावला. "'मागे घेण्यात येत आहे' एवढं पुरे."

"पुरे," आत्या म्हणाली.

"आणि ही मागच्या रांगेत उभी राहील, असं लिहा."

बॉबिनची पेन्सिल थांबली. "बाई, उंचीप्रमाणे माझी जागा तिसऱ्या रांगेत आहे."

"तिथे सगळ्यांना दिसतेस."

"मी उभीच असते की. दिसले तर काय बिघडलं?"

"ते परिपत्रकात नाही, बाई," आत्या म्हणाली. "जागा बदलणं हीपण शिक्षाच धरली जाईल."

बाईंनी डोळे मिटले. "तिसरी रांग. पण शांत उभं राहायचं. इकडेतिकडे बघायचं नाही."

"मी बघतच नाही. म्हणणारे बघतात."

सही डाव्या हातानं झाली, वाकडीतिकडी. आत्यानं खाली तारीख घालून घेतली. मास्तरांनी कोट उतरवला. बगल खरंच घट्ट निघाली, अर्धा इंच सोडावी लागणार होती. निघताना बाई दाराशी आत्यापाशी थांबल्या.

"पुढच्या महिन्यात भेटू."

"भेटू, बाई."

"मी विसरत नाही काही."

"मीही नाही," आत्या म्हणाली. आणि हे धाडस नसून नुसती वस्तुस्थिती आहे, हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

बाई विसरल्या नाहीत. रुजू झाल्यावर आठवड्याभरात त्यांनी आत्याला खिडकीजवळच्या टेबलावरून उठवून तळमजल्यावरच्या रेकॉर्डरूममध्ये बसवलं. तिथे ती सुखानं राहिली असं म्हणणं खोटं होईल. शिपायाला जिने उतरायचा कंटाळा होता आणि चहा गार होऊन येई. पण माफी काही कुणी वाचली नाही, आणि सहामाहीला बॉबिन बसली. पाण्याच्या टाकीचं उदाहरण तिचं तरीही चुकलं.

ते असो. त्या सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना आत्या दोन गल्ल्या वाट वाकडी करून शाळेच्या फाटकाशी गेली. बघते तर तिथे सुभेदार आधीच उभा. दाढी केलेली, बूट चकाकणारे, शर्टाला अशी इस्त्री की कडेनं बोट कापावं.

"तू इथे कसा?"

"मी रोज याच बाजूनं फिरायला जातो."

"हे असे बूट घालून?"

आत घंटा झाली. मैदानात रांगा लागल्या. तिसऱ्या रांगेत मधोमध बॉबिन दिसली. हात खाली, मान ताठ. शेकडो हात पुढे झाले तशी तिच्याभोवती एक खाच पडल्यासारखी झाली. एवढीशी पोर, आणि सगळ्यांना दिसणारी. तिच्या बाजूच्या मुलीनं तिच्याकडे वळून बघितलं, काहीतरी कुजबुजली. बॉबिन हलली नाही.

प्रतिज्ञा सुरू झाली आणि फाटकाबाहेर सुभेदारानं खाडकन टाचा जुळवल्या, हात पुढे केला आणि खणखणीत आवाजात म्हणू लागला. रस्त्यावरून जाणारा दूधवाला सायकलवरून उतरला. आत्याला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. पण तिनं थांबवलं नाही. त्याला म्हणायची होती, तो म्हणत होता.

रांगा सुटल्या. वर्गाकडे जाण्याऐवजी बॉबिन धावत फाटकाशी आली आणि गजांतून तोंड काढलं.

"काका, तुम्ही एक ओळ खाल्लीत!"

"मी? शक्यच नाही. पाठ आहे मला."

"तिसरी ओळ. दुसरीवरून तुम्ही एकदम चौथीवर उडी मारलीत."

सुभेदारानं ओठ हलवून मनातल्या मनात म्हणून बघितली. पहिली. दुसरी. मग भुवया जवळ आल्या. "तुला काय माहीत? तू तर तोंड मिटून उभी होतीस."

"मी ऐकत होते ना."

"बरं, मग काय आहे तिसरी ओळ?"

बॉबिननं वर्गाकडे एकदा मागे वळून बघितलं. घंटा दुसऱ्यांदा होत होती. मग ती दोघांकडे बघून सावकाश, एखाद्याला पत्ता सांगावा तशी म्हणाली, "'माझ्या देशातल्या कोणालाही मी एकटं पडू देणार नाही.'"

"हां! आता म्हणालीस की नाही!" सुभेदार विजयानं ओरडला. "ऐकलंस ना तू? म्हणाली ही!"

"म्हणाले नाही. तुम्हाला सांगितलं," बॉबिन म्हणाली आणि दप्तर सावरत वर्गाकडे पळाली.

ती दिसेनाशी होईपर्यंत दोघं गजांना धरून उभी राहिली. मग आत्यानं घड्याळ बघितलं. एकतीस वर्षांत प्रथमच तिला ऑफिसला उशीर झाला होता.

"चल," सुभेदार म्हणाला, "मी सोडतो तुला दारापर्यंत."

आणि सगळ्या रस्त्यानं, आत्या ऐकतेय की नाही याकडे लक्ष न देता, तो ती तिसरी ओळ हळू आवाजात पुन्हा पुन्हा घोकत राहिला.